घराला पायऱ्या किती?



विषयाला हात घालण्याआधी तुम्हाला काही विचारतो. तुम्ही ज्या घरात लहानाचे मोठे झालात, त्या घराला पायऱ्या किती होत्या? मनातल्या मनात मोजा. तांदळाची कणगी कुठल्या भिंतीशी होती? तुमच्या घरापासून तिसरं घर कुणाचं? त्या माणसाला मुलं किती, आणि त्यातला थोरला काय करत होता? घरात कुत्रा होता का? गावातली विहीर घराच्या कुठल्या अंगाला होती?

काही जणांच्या चेहऱ्यावर हसू आलंय. गावचं घर डोळ्यांपुढे आलं असेल. आता समजा, हेच प्रश्न तुमच्या वडिलांना दुसऱ्या खोलीत विचारले जात आहेत. तुम्ही म्हणालात पाच पायऱ्या, ते म्हणाले सहा. तेवढ्यावरून तुम्ही त्यांचा मुलगा नाही असं ठरलं आणि तुम्हाला परतीच्या बोटीत बसवलं. गावी तुमच्या बोटभाड्यासाठी काढलेलं कर्ज आहे. तुमचं वय पंधरा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एंजल आयलंड नावाचं बेट आहे. तिथे १९१० ते १९४० अशी तीस वर्षं हा सवाल-जवाब चालला. चीनहून बोट आली की गोरे प्रवासी बंदरावर उतरून आपापल्या वाटेने जात. चिनी माणसाला बहुधा बेटावर नेत. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, खिडक्यांना जाळ्या. नवरा-बायको असले तरी चौकशी होईपर्यंत भेट नाही. कुणी काही दिवसांत सुटे, कुणी महिनोन् महिने तिथेच. लाकडी भिंतींवर त्या माणसांनी चाकूने कविता कोरल्या. इमारत पाडायचं घाटत होतं, तेव्हा १९७० साली, बेटावर नंतर झालेल्या उद्यानातल्या एका रक्षकाला ती अक्षरं दिसली आणि त्या भिंती वाचल्या. दोनशेहून जास्त कविता मिळाल्या. बहुतेकांखाली नाव नाही. नाव का नाही, हाच खरं तर माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मी या विषयाकडे कसा वळलो ते सांगतो. माझं बालपण माझगावात गेलं. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक लहानसं चिनी देऊळ आहे, सी यप कून. १९१९ सालचं. मुंबईच्या गोदीत कामाला आलेल्या चिनी खलाशांच्या समाजाचं. आम्ही पोरं चिनी नववर्षाला तिथली लाल कागदी सजावट बघायला जायचो. ‘सी यप’ म्हणजे काय हे विचारायचं कधी सुचलं नाही. पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतल्या चिनी माणसांचा इतिहास वाचत होतो, आणि पानोपानी तोच शब्द भेटायला लागला. सी यप म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात, मोत्यांच्या नदीच्या मुखाजवळ तायशान, कायपिंग, शिनहुई आणि एनपिंग असे एकमेकांना लागून असलेले चार तालुके आहेत. अमेरिकेत सोनं शोधायला गेलेली, आगगाडीचे रूळ टाकायला गेलेली आणि एंजल आयलंडवर पायऱ्यांचा आकडा सांगत बसलेली बहुसंख्य माणसं याच भागातली. त्याच गावांतून थोडी माणसं आमच्या माझगावातही उतरली होती.

ही माणसं घर सोडून का गेली? तायशान डोंगराळ. पिकलेलं वर्षभर पुरायचं नाही. दुष्काळ, पूर आणि वादळ पाळीपाळीने. पण असं दारिद्र्य पुष्कळ ठिकाणी असतं आणि माणसं तरीही हलत नाहीत. इथे माणूस हलला तो लागोपाठ बसलेल्या तडाख्यांनी. पहिला तडाखा अफूचा. यात आपल्या मुंबईचा वाटा आहे आणि तो मोकळेपणाने सांगितला पाहिजे. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून ग्वांगदोंगच्या कॅन्टन बंदरात जात होती. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतल्या कित्येक व्यापारी घराण्यांचं वैभव त्या व्यापारावर उभं राहिलं. त्यातल्या पैशातून इथे रुग्णालयं, शाळा, धर्मशाळा झाल्या. त्या पैशाचं दुसरं टोक ग्वांगदोंगमध्ये होतं. १८३९ ते १८४२ चं अफूचं युद्ध चीन हरला, नानजिंगच्या तहाने पाच बंदरं उघडली आणि कॅन्टनची मक्तेदारी गेली. तिथल्या हमालीवर आणि होड्यांवर पोट भरणारे उघड्यावर पडले. मग १८५४ मध्ये लाल पागोटेवाल्यांचं बंड झालं. त्याच्या पाठोपाठ स्थानिक आणि बाहेरून येऊन वसलेल्या हाक्का लोकांमध्ये गावागावांतून लढाया पेटल्या, त्या १८६७ पर्यंत धुमसत राहिल्या.

याच सुमाराला, १८४८ मध्ये, कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी आली. त्या देशाला ही माणसं गाम सान म्हणायला लागली. गाम सान म्हणजे सोन्याचा डोंगर. पुढे ऑस्ट्रेलियातही सोनं निघालं, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को हा ‘जुना सोन्याचा डोंगर’ झाला. चिनी भाषेत त्या शहराचं नाव आजही तेच आहे. १८५२ या एका वर्षात वीसेक हजार चिनी तिथे उतरले.

सोनं थोडक्यांना मिळालं. मग रेल्वे आली. सेंट्रल पॅसिफिक कंपनीने १८६५ पासून चिनी मजूर घ्यायला सुरुवात केली. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून बोगदे काढायचे, बर्फाखाली राहायचं, सुरुंग लावायचे. महिना साधारण तीस डॉलर, आणि जेवण ज्याचं त्याने बघायचं. गोऱ्या मजुराचं खाणंपिणं कंपनीकडे. १८६७ च्या जूनमध्ये हजारो चिनी मजुरांनी काम थांबवलं. कंपनीने मारहाण केली नाही, वर डोंगरावर जाणारा शिधा बंद केला. आठवड्याभरात संप संपला. किती मजूर मेले याची नोंद कंपनीने ठेवली नाही. पगाराच्या वह्यांत बहुतेक ठिकाणी मुकादमाचं नाव आहे, त्याच्या हाताखालच्या माणसांची नावं नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं दोन्ही देशांत शोध घेतला. त्या हजारो माणसांपैकी एकाच्याही हातचं एकही पत्र त्यांना सापडलं नाही. ही माणसं पत्रं लिहीत नव्हती असं अजिबात नाही. पत्रं गेली होती, पैसे गेले होते. इकडे दंगलींत चिनी वस्त्या जळाल्या, तिकडे युद्धांत आणि क्रांतीत घरंच्या घरं उलटीपालटी झाली. कागद टिकायला एक शांत कोनाडा लागतो, आणि तो या माणसांना समुद्राच्या दोन्ही तीरांवर लाभला नाही.

रूळ टाकून झाले आणि माणसं नकोशी झाली. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी बायकांना येणं जवळजवळ अशक्य केलं. १८८२ चा कायदा तर नावानेच चिनी बहिष्काराचा. मजुराला बंदी, व्यापारी आणि विद्यार्थी वगैरेंना मुभा. जे आधीपासून तिथे होते त्यांना गावी जाऊन परत येता यावं म्हणून दाखला मिळायचा. १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये तो दाखलाही एका रात्रीत रद्द केला. वीसेक हजार माणसं दाखला खिशात ठेवून गावी गेलेली होती. त्यातले सहाशे तर परतीच्या बोटीवर, भर समुद्रात होते. हातात सरकारी शिक्क्याचा कागद आहे आणि तो कागद बंदर दिसण्याआधीच मेलेला आहे. या एका गोष्टीने त्या पिढीला कागदाबद्दल जे शिकवलं, ते ती पिढी पुढे कधी विसरली नाही.

आणि मग १८ एप्रिल १९०६ चा भूकंप. सॅन फ्रान्सिस्को जळालं, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी जळाल्या. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला चिनी माणूस अमेरिकेचा नागरिक, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्येच म्हटलेलं होतं. आता नोंदच नाही म्हटल्यावर कुणीही सांगावं, माझा जन्म इथला. नागरिकाची मुलंही नागरिक. म्हणून माणूस गावी जाऊन वर्षभर राहून आला की परतताना अधिकाऱ्याला सांगायचा, मला मुलगा झाला. पुढच्या खेपेला आणखी एक. मुलगी झाल्याचं फारसं कुणी सांगत नसे. त्यातला एखादा मुलगा खरा असे, बाकीच्यांचा जन्म कागदावर. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी त्या कागदावरच्या जागी एखादा पुतण्या, भाचा किंवा गावातला परका पोरगा पाठवता येई. जागा विकतही मिळे. दर साधारण वयाच्या दर वर्षामागे शंभर डॉलर. पंधरा वर्षांच्या मुलाला दीड हजार, शिवाय बोटभाडं. हे कर्ज फेडण्यात त्याची उमेदीची वर्षं जात. अशा मुलाला ‘कागदी मुलगा’ म्हणत.

आपल्याकडे दत्तक जाण्याची चाल आहे. दत्तक मुलाचंही घर बदलतं, नाव बदलतं, पण चार लोकांसमोर, विधीने, आणि जन्म कुठल्या घरचा हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. कागदी मुलाला स्वतःचं मूळ स्वतःपासूनच लपवून ठेवायचं होतं. निघण्याआधी त्याला एक वही मिळायची. तिच्यात त्या परक्या घराची सगळी माहिती, म्हणजे आजोबांचं नाव, आत्या कुणाला दिली, पायऱ्या किती, कणगी कुठे. बोटीवर ती पाठ करायची आणि बंदर यायच्या आधी समुद्रात टाकायची. बेटावर गेल्यावर काही शंका उरली, तर तिथल्या स्वयंपाकघरात कामाला असलेले चिनी आचारी शहरातून चिठ्ठ्या आणून खाण्याच्या जिनसांत लपवून देत. मुलाखत दोन-तीन दिवस चाले, कधी जास्तही. खऱ्या बापाचा खरा मुलगासुद्धा यात अडकायचा, कारण स्वतःच्या घराच्या पायऱ्या कुणी मोजलेल्या नसतात. त्यामुळे खऱ्या मुलालाही आपलं घर पाठ करावं लागे.

एक पंधरा वर्षांचा पोरगा डेकवर उभा आहे, रात्र आहे, आणि तो वहीचं एकेक पान फाडून समुद्रात सोडतो आहे. हे चित्र माझ्या मनातून जात नाही. त्या पानांबरोबर त्याचं स्वतःचं आडनावही पाण्यात जात असे.

आता पलीकडच्या तीराकडे वळतो. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण स्थलांतराचा इतिहास सांगताना आपण जाणाऱ्याच्या मागे मागे बोटीत चढतो आणि दारात उभी राहिलेली बाई मागेच राहते.

सोन्याच्या डोंगरावर गेलेल्याच्या बायकोला गावात गाम सान पो म्हणत, सोन्याच्या डोंगराची बाई. लोकांना वाटे, हिचं नशीब उघडलं. लग्नाला नवरा येऊ शकला नाही तर त्याच्या जागी कोंबडा ठेवून लग्न लावत. नवरा आलाच तर वर्षभर राही, मग पुन्हा सात, दहा, कधी वीस वर्षं नाही. ती सासू-सासऱ्यांचं करे, शेत बघे, पोरं वाढवे. पत्र यायचं ते पैशाबरोबर. त्या भागात त्याला रौप्यपत्र म्हणत. पैसा आणि मजकूर एकाच पाकिटात. अशी चिनी रौप्यपत्रं आता युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात आहेत, २०१३ पासून. ती पाहिली की पहिली गोष्ट लक्षात येते ती वाटणीची यादी. आईला इतके, थोरल्या काकांना इतके, धाकट्याच्या फीचे इतके, आणि शेवटी बायकोला इतके. माझी आजी कोकणात मनीऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळी पोस्टमनकडून दोनदा वाचून घ्यायची, ते मला त्या याद्या बघताना आठवलं. या बायकांपैकी बहुतेकींना वाचता येत नव्हतं. पत्र दुसऱ्याने वाचायचं, उत्तर दुसऱ्याने लिहायचं. मनातलं जे सांगायचं ते पत्रलेखकाच्या देखत सांगण्यासारखं नसायचं.

आणि तिलाही ती खोटी वंशावळ पाठ करावी लागे. नवऱ्याने कागदावर चार मुलगे सांगितले असतील, तर हिला दोनच असले तरी चौघांची नावं आणि वयं तोंडपाठ हवीत. उद्या हाँगकाँगला वकिलातीत कुणी विचारलं तर? स्वतःच्या पोटी न जन्मलेल्या मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवायचे, आणि जन्मलेल्या मुलीचं नाव कुठेच लागलेलं नाही हेही लक्षात ठेवायचं. मला तिच्याइतकं एकटं माणूस या सगळ्या इतिहासात दुसरं दिसत नाही.

त्या पैशातून काय उभं राहिलं तेही बघायला हवं. कायपिंगमध्ये आजही अठराशेच्या वर मनोरे-घरं आहेत. चार-पाच मजली, जाड भिंतींची, लोखंडी दारांची, वर युरोपी कमानी आणि घुमट. पैसा येतो हे दरोडेखोरांना कळलं होतं, म्हणून घरालाच किल्ला केला. २००७ पासून त्यांतली काही जागतिक वारसा आहेत. तायशानमध्ये चिन गी ही नावाच्या माणसाने तर रेल्वेच बांधली. तो अमेरिकेत रेल्वेच्या कामावर होता, पुढे सिएटलला कंत्राटदार झाला, १८८६ ची तिथली चिनीविरोधी दंगल त्याने अंगावर घेतली. म्हातारपणी गावी परतून, परदेशस्थ गावकऱ्यांकडून भांडवल जमवून, परक्या कंपन्यांचा पैसा न घेता त्याने १९०६ मध्ये काम सुरू केलं आणि १९२० मध्ये मार्ग पुरा केला. मार्ग पुरा झाल्यावर वीस वर्षंही ती गाडी टिकली नाही. जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून लोकांनी आपलेच रूळ उखडले.

१९४१ च्या नाताळात हाँगकाँग पडलं आणि पैशाची वाट बंद झाली. बहुतेक रौप्यपत्रं हाँगकाँगच्या पेढ्यांतून येत. ज्या गावांनी दोन पिढ्या पत्राच्या आधारावर काढल्या होत्या, त्यांच्या दारात पत्रच येईना. त्यात १९४३ चा दुष्काळ. बायकांनी आधी दागिने विकले, मग भांडी, मग घराची दारं आणि तुळया, आणि काहींनी पोटची पोरं. सोन्याच्या डोंगरावरचा नवरा जिवंत होता, कमावत होता, आणि तायशानातली बायको उपाशी मरत होती. त्याच १९४३ साली अमेरिकेने चीन आपला युद्धातला दोस्त म्हणून बहिष्काराचा कायदा उठवला. वर्षाला १०५ चिनी माणसांना येता येईल असं ठरवलं. एकशे पाच.

मग चीनमध्ये साम्यवादी क्रांती. १९५० नंतरच्या जमीनसुधारणेत या घरांवर वेगळंच संकट आलं. नवऱ्याने चाळीस वर्षं लाँड्रीत इस्त्री करून पाठवलेल्या पैशातून घरच्यांनी चार तुकडे जमीन घेतली होती. घरात कसणारा पुरुष नाही, म्हणून ती खंडाने दिलेली. हिशोबात ती बाई जमीनदार ठरली. दंड भरा, म्हणून नवऱ्याला पत्रं गेली. तिकडे अमेरिकेने चीनला पैसे पाठवण्यावर बंदी घातली होती. पाठवले तर गुन्हा, न पाठवले तर घरची माणसं गावासमोर गुडघ्यांवर.

आणि १९५६ मध्ये अमेरिकन सरकारने म्हटलं, कागदी मुलांनो, कबूल व्हा, बहुतेकांना राहू देऊ. तेरा हजारांहून जास्त लोक कबूल झाले. पण एकाने कबुली दिली की कागदावरचे त्याचे सगळे भाऊ, काका, पुतणे उघडे पडायचे. भाऊ भावाशी बोलेनासे झाले. कित्येकांनी तोंड उघडलंच नाही, ते तसेच परक्या नावाने गेले.

श्रोतेहो, आता मूळ मुद्द्याकडे येतो. चिनी-अमेरिकन घरांतल्या पुढच्या पिढ्यांनी एक तक्रार वारंवार लिहून ठेवली आहे. आमचे आजोबा काही सांगत नसत. गाव कसं होतं, आई कशी होती, विचारलं की उठून जात. मुलांना वाटे, म्हाताऱ्याला आमची माया नाही, किंवा त्याला आठवत नाही. मला ते पटत नाही. त्याला सगळं आठवत होतं. पायरीन् पायरी आठवत होती, दोन-दोन घरांची. पण ‘तुमचं गाव कुठलं, घरात कोण कोण होतं?’ हा प्रश्न त्याने पहिल्यांदा ऐकला तो मेजामागे बसलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडून, मध्ये दुभाषा, बाजूला टंकलेखक. एका चुकीच्या शब्दावर आयुष्य जाणार होतं. पन्नास वर्षांनी तोच प्रश्न नातवाने मांडीवर बसून विचारला, तरी म्हाताऱ्याच्या छातीत तीच खोली उघडायची. त्याचं गप्प राहणं ही त्याची राखण होती. त्या मौनाच्या आड नातवाचं नागरिकत्व सुरक्षित होतं.

हिम मार्क लाय हे नाव या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचयाचं आहे. शिक्षणाने इंजिनिअर, पण चिनी-अमेरिकन इतिहासाचा पाया त्यांनी घातला. एंजल आयलंडच्या कविता जेनी लिम आणि ज्युडी युंग यांच्याबरोबर त्यांनीच १९८० मध्ये ग्रंथरूपाने आणल्या. लाय हे त्यांच्या वडिलांचं कागदी आडनाव. खरं आडनाव माक. वडिलांनी ते मुलाच्या नावात मधेच दडवून ठेवलं, हिम मार्क. ज्युडी युंग यांचे वडीलही कागदी मुलगा, खरं आडनाव टॉम. भिंतीवरच्या निनावी कविता वाचायला बसलेल्या तिघांपैकी दोघांच्या स्वतःच्याच नावात अशी चिठ्ठी लपवलेली होती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला कोल्मा नावाचं गाव आहे, तिथे चिनी दफनभूमी आहेत. पूर्वी माणूस तिकडे मेला की काही वर्षांनी अस्थी उकरून, धुऊन, डब्यात भरून हाँगकाँगच्या तुंग वा रुग्णालयामार्फत गावी पाठवत. युद्ध आणि क्रांतीनंतर ते थांबलं आणि माणसं तिथेच राहिली. त्यांच्या कित्येक शिळांवर दोन नावं आहेत. इंग्रजीत कागदी नाव, चिनीत जन्माचं. वसंतात पितरांचा दिवस येतो, तेव्हा नातवंडं फुलं घेऊन जातात, शिळा पुसतात, संत्री ठेवतात. त्यातल्या पुष्कळांना चिनी लिपी वाचता येत नाही.

बेटावरच्या त्या मुलाखतींच्या फायली मात्र जपलेल्या आहेत, सॅन ब्रुनो इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. प्रश्न, उत्तरं, फोटो, कधी गावाचा हाताने काढलेला नकाशाही. १९९१ पासून हिम मार्क लाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण मुलांचे छोटे गट या फायली अभ्यासायला लावून मोत्यांच्या नदीकाठच्या गावांत नेले. नातू फाईलची प्रत हातात धरून गावात शिरतो. ओळीतलं तिसरं घर, विहीर पूर्वेला. तो पायऱ्या मोजतो. आकडा बरोबर येतो. मग आतली एखादी म्हातारी बाहेर येते, फोटो हातात घेऊन बराच वेळ बघते आणि सांगते, हा आमचा नव्हे. याचं घर पलीकडच्या गावात, ओढ्याच्या पल्याड. तिकडे जाऊन बघ.